पेशीपटलाचा धडा

"पुरे आता. हे औषध आहे की शिक्षा?" यज्ञेश्वरांनी चमचा हाताने बाजूला सारला.

कुसुमताईंनी उशीवर सांडलेलं पुसलं आणि मीठ-साखरेच्या पाण्याने चमचा पुन्हा भरला. पहाटेपासून जुलाबांनी नवऱ्याला पार पिळून काढलं होतं. डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. धायरीतल्या त्यांच्या सोसायटीत पाणी बिघडलं होतं, घरोघरी कुणी ना कुणी आडवं होतं. डॉक्टर तपासून गेले ते बजावूनच : संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर ॲडमिट करा.

कुसुमताईंनी उभा जन्म अकरावीला जीवशास्त्र शिकवलं. पेशीपटलाचा धडा त्यांचा आवडता. पण घरी तो विषय कधी निघाला नाही. जेवताना गप्पा व्हायच्या त्या यज्ञेश्वरांच्या विमा कचेरीच्या. कुसुमताई वर्गातलं काही सांगू लागल्या, की "बाईंचा तास सुरू झाला" म्हणत ते टीव्ही लावायचे. पुढे त्यांनी सांगणंच सोडलं.

दुपारी चमचा पुन्हा ओठांशी आला, तेव्हा यज्ञेश्वरांनी विचारलं, "मीठ समजलं. साखर कशाला?"

कुसुमताईंचा हात थांबला. चेष्टा असेल म्हणून त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती.

"आतड्याच्या प्रत्येक पेशीभोवती पटल असतं," त्या म्हणाल्या. "तेलकट, अगदी पातळ. मिठाला त्यातून तसं जाता येत नाही. पण पटलात प्रथिनांची दारं असतात. त्यातलं एक दार मीठ आणि साखर जोडीने आली, तरच दोघांना आत घेतं. तुमच्या या दुखण्यातही ते चालू राहतं."

"आणि पाणी?"

"ते त्यांच्या मागोमाग येतं."

"म्हणजे तिथेही ओळख लागते," यज्ञेश्वर पुटपुटले आणि त्यांनी तोंड उघडलं.

चमच्यामागून चमचा पोटात टिकू लागला. गॅलरीतलं ऊन कललं, तेव्हा ते भिंतीला धरून आपल्या पायांनी बाथरूमला गेले. परत येऊन "झाली" एवढंच म्हणाले. कुसुमताईंनी डॉक्टरांना फोन करून कळवलं, आणि किती तरी वेळाने स्वतः घोटभर चहा घेतला.

"आत गेलेलं मीठ मग तिथेच साठतं का?" यज्ञेश्वरांनी पडल्यापडल्या विचारलं.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. चादरीवर बोटाने त्यांनी एक पेशी काढली. पलीकडच्या बाजूला पंप असतात, ते मीठ रक्ताकडे लोटत राहतात, त्यासाठी पेशीला आपली शक्ती खर्चावी लागते, असं त्या सावकाश सांगत गेल्या.

यज्ञेश्वरांचा श्वास संथ झाला होता. ते झोपले होते.

कुसुमताईंनी आवाज खाली आणला आणि उरलेलं सगळं सांगून पूर्ण केलं.