उजवा स्पीकर

बाबांच्या अठरा वर्षांच्या गाडीत मूळचा स्टिरिओ होता, म्हणजे जागा अडवून होता. दिलेली कॅसेट परत करताना तो नातेवाइकांसारखा वागायचा. रेडिओवरच्या बातम्या तळून काढल्यासारख्या यायच्या, त्याही फक्त डावीकडून, आईच्या बाजूनं. उजवा स्पीकर, बाबांच्या भाषेत, 'मेलेला' होता. गाडीत बसलं की बाबा आधी पट्टा लावत, मग उजव्या दारावर मुठीनं दोन ठोसे देत, क्षणभर कान देत आणि जाहीर करत, "मेलाय." मगच गाडी हलायची. पंधरा वर्षांत यात खंड पडला नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. आईही आली. दोघींपैकी जास्त कुरकुर कोण करतं, ते मी लिहून ठेवणार नाही.

स्टिरिओ बदलू म्हटलं की आई विरोधात. आधी म्हणाली, आठवण आहे. मग म्हणाली, त्या नव्या पडद्यांनी डोळे जातात. शेवटी म्हणाली, "त्या दाराला हात लावू नका."

"स्टिरिओ पुढे असतो, आई. दाराचा काय संबंध?"

"तेच म्हणतेय मी."

शोकाचे टप्पे असतात असं मी वाचलेलं आहे. त्यातच हा दाराचा टप्पा बसवला आणि गप्प राहिलो.

गेल्या आठवड्यात आईला नवी कवळी बसवायची होती. दातांच्या डॉक्टरसमोरच गाड्यांच्या वायरिंगचं जुनं दुकान आहे. आई आत गेल्यावर मी गाडी रस्त्यापलीकडे नेली. जे काम विचारून होत नाही ते न विचारता होतं, एवढं चाळीस वर्षांच्या सहवासात मी शिकलोय.

वायरवाला साठीचा, चष्मा कपाळावर. त्यानं स्टिरिओ अलगद बाहेर काढला. मग न सांगताच उजव्या दाराचं आतलं आवरण उघडलं आणि दोन तारा बाहेर ओढल्या. मधोमध कापलेल्या. टोकांना काळी टेप, पट्टीनं मोजून गुंडाळावी तशी.

"काम बघा साहेब. पंधरा-सोळा वर्षांत टेप सुटली नाही."

"कुणी केलंय हे?"

"मीच."

मी काही बोलण्याआधी त्यानं मला स्टूल दिलं. स्टूल देऊन सांगायची गोष्ट कधी साधी नसते.

"वहिनी आल्या होत्या, तुमच्या आई. तुमचे वडील समोर डॉक्टरच्या खुर्चीत, तोंड उघडून. वहिनी म्हणाल्या, हे गाडीत गातात. पाऊण तासात काहीतरी करा."

गायचे खरे. बाबांनी छापखान्यात बत्तीस वर्षं यंत्र डाव्या हाताला ठेवून काढली होती. डावा कान गेल्यात जमा. उजव्या कानानं गाणं ऐकायचे आणि त्यावर गायचे, शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, आवाज यंत्राच्या वर चढेल असा. पुढे बंद झालं. मला वाटलं, वय झालं.

"पंधरा दिवसांनी वडील एकटे आले. म्हणाले, स्पीकर बघ रे. आता गिऱ्हाइकाशी खोटं कसं बोलायचं? दार उघडून दाखवलं. विचारलं त्यांनी, 'कारण सांगितलं का तिनं?' म्हटलं, तुम्ही गाता. मग जरा वेळ स्टिअरिंग धरून नुसते बसले. म्हणाले, 'राहू दे. लाव दार. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस.'"

"म्हणजे ते ठोसे..."

"ते मला माहीत नाही. मी वायरिंग बघतो."

एवढ्यात रस्ता ओलांडून आई आली. तिनं आधी गाडीच्या पुढचं भोक पाहिलं, मग उघडं दार.

"माझं तोंड उघडं बघून तुम्ही गाडीचं उघडलंत!"

"आई, अगं..."

"असू दे. कधीतरी निघणारच होतं." ती माझ्या स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घट्ट. "ती तार मी कापवली. मला फक्त गाडीतलं गाणं थांबवायचं होतं रे. पण घरातलंही गेलं. अंघोळ करतानाचंसुद्धा. रोज म्हणायची, आज सांगू, उद्या सांगू. बिचारे दार ठोकत राहिले आणि ठोकतच गेले. फसवलं मी त्यांना."

वायरवाला पान्याकडे असं बघायला लागला, जणू पाना आजच पाहतोय. बाबांनी बजावलं होतं. शिवाय सांगितलं तर आईला हेही कळणार, की गाणं ऐकू येत नव्हतं म्हणून नव्हे, तिला नको होतं म्हणून थांबलं. नाही सांगितलं तर ती त्या स्टुलावरून कधीच उठणार नव्हती, मग ती घरी असो की कुठेही.

मी सांगितलं.

आईनं नव्या दातांवरून जीभ फिरवली.

"मग दार ठोकायचे ते?"

"तुझ्यासाठी. तू निश्चिंत राहावीस म्हणून."

"रोज?"

"तूच सांग."

"पंधरा वर्षं!" आई एकदम उसळली. "पंधरा वर्षं मी मनातल्या मनात माफी मागतेय, आणि हा माणूस नाटक करतोय? साधा म्हणून पत्करला होता मी!" मग पदरानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. "जोडा हो ती तार."

वायरवाल्यानं तार जोडली, नवा स्टिरिओ बसवला. पडद्यावर गाडीचं चित्र आलं, चार खुर्च्या आणि मध्ये एक ठिपका. ठिपका बोटानं ज्या खुर्चीवर न्याल तिकडे आवाज जातो, म्हणाला.

"म्हणजे आता कापावं लागत नाही?" आईनं विचारलं.

"नाही वहिनी. पण केलेलं सगळ्यांना दिसतं."

घरी निघालो. आई थोडा वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग बोट टेकवून तो सरकवत सरकवत माझ्या खुर्चीवर नेऊन ठेवला. तिची बाजू गप्प झाली. माझ्या उजव्या कानाशी, मेलेल्या स्पीकरमधून, कुणीतरी खणखणीत गात होतं.

"म्हण," आई म्हणाली.

"मला कुठे गाता येतं?"

"त्यांना तरी कुठे येत होतं."