बाजारतळावर वाचलेला ठराव

त्या दिवशी रंभाजी आधी उभा राहिला म्हणून अख्खं तिसगाव त्याला बोल लावतं. साफ खोटं. चूक माझी. मी गहिनीनाथ, आमदार आप्पासाहेबांचा वीस वर्षांचा पीए, त्यांचा कागद न् कागद माझ्या हातून गेलेला. मला कळायला नको?

नव्व्याण्णवचा उन्हाळा, निवडणूक तोंडावर आलेली. पंचवीस वर्षांहून जास्त काळ सभागृहात बसलेल्या सात जणांच्या गौरवाचा ठराव विधानसभेत झाला, त्यात आमचे आप्पासाहेब. मुंबईत बाकं वाजली, शाल मिळाली, सगळं झकास झालं. पण त्यांचा जीव शालीत नव्हता. त्यांना तिकीट हवं होतं, शेवटचं एकदा. बारा गावांच्या पाणीयोजनेचे पाइप तीन वर्षं रस्त्याच्या कडेला पडून होते. ते जमिनीत गेलेले बघायचे आणि मगच घरी बसायचं, असं ते दिवसातून चारदा बोलायचे. पक्षाचे जिल्हाध्यक्ष सहादेवराव काही केल्या शब्द देत नव्हते. गावात सत्कार ठेवा, मी माणसं बघतो अन् काय ते तिथंच जाहीर करतो, एवढंच म्हणाले.

मग ठरावाची प्रत आली. जाड कागद, खाली सही-शिक्का. मी हुरळलो, हीच बाजारतळावर वाचायची असं ठरवून टाकलं. वैनींना, म्हणजे आप्पासाहेबांच्या पुष्पावतीबाईंना दाखवायला घरी नेली, तर त्यांनी हात पुढं केलाच नाही. पदराला बोटं पुसत राहिल्या.

"गहिनीनाथ, असला कागद आपल्या गावात मानूस गेल्यावर येतो," त्या म्हणाल्या. "वाचू नका."

मी हसलो. बायकांच्या मनात काहीबाही येतं, असंसुद्धा बोललो. आता लाज वाटते. वैनींचं खरं होतं. आमच्या भागातले दोन जुने आमदार वारले तेव्हा सभागृहाच्या शोकप्रस्तावाची प्रत अशीच आली होती, असाच कागद, असाच शिक्का. दोन्ही वेळा मीच ती बाजारतळावर वाचली अन् गाव दोन मिनिटं उभं राहिलं. सभागृहाचा कागद गावानं तेवढाच ऐकलेला.

सत्काराला माणूस लोटला. हलगी कडकडत होती. सहादेवराव माझ्या कानाशी वाकून म्हणाले, गर्दी बघून मन झालंय, तू ठराव वाच, मग मी उठून तिकीट जाहीर करतो. मला आभाळ ठेंगणं झालं.

मी वाचायला लागलो. कागद वाचायचा माझा सूर एकच, सावकाश अन् जड. दुसरा मला येतच नाही. आप्पासाहेबांचा जन्म, शिक्षण, तुरुंगवास, कितीदा निवडून आले, कोणत्या समित्यांवर बसले. हलगी थांबली. मग गलका थांबला. पुढच्या रांगेतल्या माना एकेक खाली जायला लागल्या. मला दिसत होतं हो सगळं, पण मी वाचतच राहिलो. शेवटची ओळ संपली अन् रंभाजी उभा राहिला. आप्पासाहेबांच्या पहिल्या प्रचारापासूनचा कार्यकर्ता, ऐंशीला टेकलेला. हात जोडले, मान खाली घातली. त्याच्यामागं रांग उठली, मग सगळा बाजारतळ.

टाळ्या वाजवा, असं मी ओरडायला हवं होतं. मी कागदच धरून उभा राहिलो. माईकची खरखर तेवढी ऐकू येत होती. शेजारी खुर्ची सरकली. बघतो तर आप्पासाहेबही उभे, हात जोडून, मान खाली. सभागृहात शोकप्रस्तावाला उभं राहायची सत्तावीस वर्षांची सवय. वैनी मात्र बसून होत्या अन् माझ्याकडं बघत होत्या.

लोक बसले. सहादेवरावांनी माईककडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं. गावानं ज्याच्यासाठी दोन मिनिटं पाळली, त्याला तिकीट कोण देतं? त्यांनी आप्पासाहेबांचे हात हातात घेतले, खांदा थोपटला अन् मुकाट्यानं जीपकडं निघाले.

"सहादेवराव, येतो म्हणा की," आप्पासाहेब मागून म्हणाले.

सहादेवरावांनी मागं वळून पाहिलं नाही. आमच्याकडं दुःखाच्या घरातून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही. मग माणसांची रांग लागली. एकेक जण स्टेजवर यायचा, पाया पडायचा अन् तसाच खाली उतरायचा. पेढ्यांना कुणी हात लावला नाही. शेवटी रंभाजी आला. तो रडत होता. आप्पासाहेबांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"तू तरी म्हण, रंभाजी."

रंभाजीनं हळूच हात सोडवून घेतला आणि काही न बोलता पायऱ्या उतरला.