बीप ऐकू येईपर्यंत

"चिमणीला पाळणाघरात घाला. मला काही जमायचं नाही," असं सासऱ्यांनी भर जेवणात जाहीर केलं, तेव्हा सूनबाई लेकीला भरवत होती. चमचा हवेतच राहिला आणि चिमणी आ वासून त्याच्याकडे बघत राहिली.

खरं तर सगळं ठरलं होतं. नणंदेचं बाळंतपण जवळ आलेलं, सासूबाई लेकीकडे राहायला निघालेल्या. सून नुकतीच कामावर परतलेली, नवरा सकाळीच घर सोडणारा. मग चिमणीला दिवसभर सांभाळणार कोण? त्यावर सासऱ्यांनीच छाती ठोकून सांगितलं होतं, "आजोबा घरात असताना नात परक्यांकडे? हॅ!"

आडकाठी एकच होती, त्यांचे कान. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस. बोटं अजून तरणी होती, पण कानांनी दगा दिला होता. दुसऱ्या खोलीत पोर रडून लाल झालं तरी यांना पत्ता नसायचा. म्हणून सुनेच्याच कंपनीची श्रवणयंत्रं आणली. दुकानात मशीनवाल्याने लावून दिली तेव्हा लख्ख ऐकू आलं होतं. पण ती रोज सकाळी आपली आपण चालू करायची होती, आणि घोडं तिथेच अडलं.

"काय झालं बाबा? नीट ऐकू येत नाही का?" तिने मोठ्यांदा विचारलं.

"हो हो," ते म्हणाले. आताशा प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर 'हो हो' असंच असे.

"कंटाळले असतील," नवरा हळूच म्हणाला. "सोड ना. पाळणाघरं काय वाईट असतात?"

"कंटाळा कसला!" सासूबाई फणकारल्या. "रोज सकाळी दार लावून बसतात त्या मशीनशी झटापट करत. मी विचारलं तर माझ्यावरच डाफरतात."

सुनेला वाईट वाटलं. पहिल्या दिवशी ती शिकवायला गेली, तर त्यांनी हाताने थांबवलं होतं. "तूच लिहिलंयस ना फोनवर? मग वाचून करतो की. सुनेने लिहिलेलं मला नाही कळणार तर कुणाला?" आणि ते खरंच होतं. यंत्र कसं लावायचं, कसं चालवायचं, बिघडलं तर काय करायचं, हे लोकांना समजावून सांगणारी पानं लिहिणं हीच तिची नोकरी. या यंत्राच्या पानाचं तर ऑफिसात कौतुकही झालं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी चिमणीला खांद्यावर थोपटत ती फेऱ्या मारत होती. सासऱ्यांच्या खोलीचं दार थोडं किलकिलं होतं. ते पाठमोरे बसले होते, फोन समोर टेकवलेला, आणि ऐकू न येणारी माणसं वाचतात तसं खणखणीत आवाजात वाचत होते. "यंत्र... चालू करा... तीन सोप्या पायऱ्यांत. यंत्र कानात बसवा. बटण दाबून धरा. बीप ऐकू येईपर्यंत... सोडू नका."

त्यांनी कानामागे बोट नेलं आणि दाबलं.

टुंई. अगदी बारीक, डासाच्या आवाजासारखी बीप वाजली. दारातल्या सुनेला ती ऐकू आली. ज्यांच्या कानात वाजली त्यांना आली नाही. ते तसेच मान वाकवून, श्वास रोखून वाट बघत राहिले, बटण दाबलेलंच. थोड्या वेळाने यंत्राने खालच्या पट्टीत आणखी एक सूर काढला. हा तिच्या ओळखीचा होता. फार वेळ दाबलं की यंत्र बंद होतं, त्याचा.

"नाही," सासरे स्वतःशीच म्हणाले. "सोप्या पायऱ्या म्हणे." आणि त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

बारीक, उंच आवाज म्हाताऱ्या कानांना आधी सोडून जातात, हे तिने कितीदा तज्ज्ञांकडून ऐकून लिहून घेतलं होतं. आणि तरी ज्यांना तेच ऐकू येत नाही त्यांना तिने सांगितलं होतं, ऐकू येईपर्यंत सोडू नका. बिचारे सांगितलेलं अक्षरशः पाळत होते. रोज यंत्र चालू करत होते आणि रोज स्वतःच्या हाताने बंद करत होते.

ती समोर जाऊन बसली. ते दचकले, ओशाळले. "बघत होतो सहज."

"बाबा, तुमचं बरोबर आहे. पान चुकलंय."

"काय?"

"पान! माझं पान चुकलंय!"

"उगाच माझं मन राखू नकोस."

तिने चिमणीला त्यांच्या मांडीवर दिलं, यंत्र कानातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बटण दाबायची खूण केली. यंत्राच्या टोकाला हिरवा दिवा लागला. तिने लगेच त्यांचं बोट उचललं. मग यंत्र कानात बसवलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, आता?"

त्यांचे डोळे मोठे झाले. चिमणीच्या नाकातली घरघर त्यांना ऐकू येत होती. "हिला सर्दी झालीय!" ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतः एकदा करून पाहिलं. जमलं. तरी चेहरा उतरलेलाच. "तू शेजारी आहेस म्हणून जमतंय. तू कामावर गेल्यावर मी गडबडलो आणि पानाला विचारलं, तर ते मला पुन्हा बीपच्या मागे लावणार. पोर माझ्या जिवावर टाकून जाशील आणि मी आपला ठार बहिरा बसलेला. नको गं बाई."

यात तिला भीती दिसली आणि खरेपणाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांना सगळे मागून 'कालच' म्हणत, कारण काम कधी हवंय या प्रश्नाला त्यांचं ठरलेलं उत्तर तेच होतं.

"आधी हातात चालू करायचं, दिवा बघायचा, मग कानात. पायऱ्यांचा क्रम उलटा करायचाय," ती म्हणाली.

"अगं, चित्रं तयार आहेत, मंजूर झालीत. इतक्या लोकांनी यंत्र घेतलं, कुणाची तक्रार आली का?"

"तक्रारीसाठी आपण फोन नंबर दिलाय साहेब. ऐकू न येणाऱ्यांना."

साहेब हसले आणि हसता हसता थांबले. "पान तपासलं कुणी होतं?"

"आपणच. धडधाकट कानांनी, या शांत खोलीत. उंटावरून शेळ्या हाकल्या आपण."

"पण नवी चित्रं यायला वेळ लागेल."

"मग तोवर चित्रांशिवाय जाऊ दे."

"भुंडं दिसेल पान."

"दिसू दे. आणि ते 'तीन सोप्या' पण काढते."

"आता 'सोप्या'ने तुझं काय घोडं मारलं?"

"ज्याला जमतं तो त्या शब्दाकडे बघतही नाही. ज्याला जमत नाही, त्याला वाटतं आपलंच डोकं गेलं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्या आईची यंत्रं कपाटात पडून आहेत," ते म्हणाले. "मी तिलाच ओरडत होतो. बदल पान. कधी होईल?"

"कालच," तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

नवं पान फोनवर दिसू लागलं त्या सकाळी सासरे पुन्हा दार लावून बसले. बाहेर सासूबाई बॅग भरत होत्या. बराच वेळ झाला. शेवटी ते बाहेर आले, कुणाकडे न बघता खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. विचारायची हिंमत कुणाचीच होईना.

तेवढ्यात आतल्या खोलीत चिमणी जागी झाली. आधी कुरकुर, मग भोकाड.

सासूबाई सवयीने उठल्या. सुनेने त्यांचं मनगट धरलं. नवरा बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. तिघंही श्वास रोखून वर्तमानपत्राकडे बघत राहिले.

वर्तमानपत्र खाली आलं.

"पुतळे झालात का तिघं?" सासरे कडाडले. "पोर केव्हाची रडतेय, आणि तुम्ही माझं तोंड काय बघताय!"

आणि ते तरातरा आत गेले. "आलो गं, आलो. बहिऱ्यांचंच घर हे. पाळणाघराला नाही म्हणून कळवून टाका रे कुणीतरी!"