करकोच्याचं पिल्लू

"आधी आवाज बंद कर," रेवणसिद्ध म्हणाले, "आनि ती खालची इंग्रजी अक्षरंबी काढ."

"अक्षरं काढली तर कळणार कसं, अज्जा? रशियन आहे ते," वैष्णवी म्हणाली.

"मी हाय की सांगायला."

नातीनं हसत रिमोट दाबला. जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या पडद्यावर एक गोठलेलं तळं उघडलं. तळ्याच्या काठावर करकोच्याचं एक पिल्लू एका पायावर उभं होतं. हातानं काढलेली चित्रं होती. रेषा जराशा थरथरत होत्या. त्या रेषा रेवणसिद्धांनी लगेच ओळखल्या. एकवीस वर्षांनी ते हा सिनेमा बघत होते. वैष्णवीनं दोन दिवस मोबाइलवर शोधाशोध करून तो मिळवला होता. शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून तिनं आपला मोबाइलही आजोबांच्या दिशेनं उभा केला होता, पण तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते खुर्चीत पुढं सरकले आणि त्यांनी घसा साफ केला.

"तर मंडळी, ह्येचं नाव टिकल्या! कपाळाला टिकली हाय का न्हाय बघा. समदे पक्षी गेले उडून, आन् टिकल्या राहिला मागं. का राहिला? झोपला हुता की शहाणा!"

सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचा आवाज पहिल्या वाक्यातच तिशीत जाऊन पोहोचला. कोल्ह्याला त्यांनी घोगरा आवाज दिला, बेडकाला कानडी हेल दिला, वाऱ्याची शीळसुद्धा स्वतःच घातली. आणि शेवटी, बर्फ वितळल्यावर, आभाळातून एक मोठी पक्षीण उतरली, पिल्लू पळत तिच्या पंखाखाली गेलं, तेव्हा दोन्ही हात वर करून ते ओरडले, "आली! टिकल्याची आई आली!"

वैष्णवीनं टाळ्या वाजवल्या. रेवणसिद्धांचे डोळे भरून आले.

रेवणसिद्ध शिक्षण खात्यात प्रोजेक्टर चालवणारे कर्मचारी होते. खात्याची जीप, त्यात प्रोजेक्टर, रिळांचे पत्र्याचे गोल डबे आणि आठ सोलापुरी चादरी. शाळेत पोचलं की वर्गाच्या खिडक्यांवर त्या चादरी ठोकायच्या, भर दुपारी अंधार करायचा आणि पोरांना सिनेमे दाखवायचे. आरोग्याचे, शेतीचे, आणि शेवटी बक्षीस म्हणून एखादा कार्टूनचा. अक्कलकोटपासून माळशिरसपर्यंत जिल्ह्यातली एक शाळा त्यांनी सोडली नव्हती. कार्टूनची रिळं परदेशातून भेट आलेली. भाषा कुणालाच कळायची नाही. म्हणून रेवणसिद्ध पडद्याच्या कडेला उभं राहून गोष्ट सांगायचे. मराठी गावात मराठीत, सीमेकडच्या गावात कानडीत. तिकडं शेवटी "अव्वा बंदळू!", म्हणजे आई आली, म्हणून ओरडले की वर्गाचे पत्रे हादरायचे. त्या नोकरीत बढती नव्हती, नाव नव्हतं. पण पोरं जीपमागं गावाच्या वेशीपर्यंत पळायची. घरी बायको गिरिजा म्हणायची, "गावच्या पोरांना गोष्टी, आन् आपल्या गुरुशांतला तुमचं तोंड दिसंना." ते हसण्यावारी न्यायचे. पुढं शाळाशाळांत टीव्ही आले, प्रोजेक्टर गोदामात गेला, आणि उरलेली नोकरी त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर काढली.

वैष्णवीनं मोबाइलवर घेतलेला आजोबांचा तो व्हिडिओ मैत्रिणींना पाठवला. मैत्रिणींनी पुढं पाठवला. आठवड्याभरात कुठले कुठले लोक लिहायला लागले. 'हे आमच्या शाळेत आले होते.' 'टिकल्या! तीस वर्षांनी आवाज ऐकला, अंगावर काटा आला.' मुलगा गुरुशांत ऑफिसातून आल्यावर बापाला ते वाचून दाखवू लागला. बापाबद्दल त्याला इतकं कौतुक कधी वाटलं होतं, हे रेवणसिद्धांना आठवेना. सकाळी फिरायला जाताना ते इस्त्रीचा सदरा घालू लागले.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई उभी होती. अंगावर साधी साडी, खांद्याला पिशवी.

"सिनेमावाले मामा हितंच ऱ्हात्यात का?" तिनं विचारलं आणि रेवणसिद्धांकडं नजर जाताच म्हणाली, "व्हय, तुमीच की. मी रेश्मा. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला असते. मूळची माळशिरसकडची. आमच्या आश्रमशाळेत आला हुता तुमी. नऊ वर्साची हुते मी."

रेवणसिद्ध खूश झाले. या आठवड्यात घरी येऊन भेटणारं हे पहिलंच माणूस. मुलगा-सून बाहेर गेले होते. त्यांनी वैष्णवीला चहा टाकायला सांगितलं.

"बस पोरी, बस. टिकल्या ध्यानात हाय म्हन की!"

"हाय ना. त्येच्यासाठीच आले." रेश्मा खुर्चीच्या कडेवर बसली. "त्या व्हिडिओच्या खाली कुनीतरी लिवलंय मामा, की खरा शेवट असा न्हाय म्हनून. सिनेमाखालची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत न्हाईत. म्हनलं, तुमालाच इचारावं."

रेवणसिद्धांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून ते सावध झाले. "आता इतक्या वर्सानं ते कशाला?" ते म्हणाले. "पोरांची गोष्ट ती."

"मी बी पोरच हुते," रेश्मा म्हणाली. आवाजात राग नव्हता. कारखान्यात टॉवेलातला चुकलेला धागा दाखवावा, तितक्या शांतपणे ती सांगत होती. "आई बाळंतपनाला दवाखान्यात गेली, ती आलीच न्हाय. मला कुनी सांगितलं न्हाय. बाप म्हनायचा, हाय दवाखान्यात, येईल. मग मला आश्रमशाळेत घातलं. मला अर्धं-मुर्धं कळलं हुतं मामा. राती रडून रडून सवय बी व्हाया लागली हुती. आन् तवा तुमी आला."

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला. वैष्णवी दारात येऊन उभी राहिली.

"शाळेमागं तळं हुतं. हिवाळ्यात तितं करकोचे यायचे, खरेखुरे. ते आले की मी जाऊन हुभी ऱ्हायाची. टिकल्याची आली, म्हंजी माझी बी येनार."

"लेकरू हुतीस तू," रेवणसिद्ध कसेबसे म्हणाले.

"माझी एक मावशी हुती सांगोल्याला. तिला पोरबाळ न्हवतं. दर म्हैन्याला एसटीनं यायची, डबा घिऊन. म्हनायची, चल माझ्याबरुबर, लेक म्हनून ठिवते तुला. मी म्हनायचे, न्हाय, माझी आई येनार हाय, मी हितं नसले तर ती कुटं हुडकंल मला? मावशी म्हनली, कुनी सांगितलं तुला? मी म्हनलं, सिनेमात आली की!" रेश्मा जराशी हसली. "दोन वर्सं येत हुती बिचारी. शेवटच्या टायमाला तर मी खोलीच्या बाहीर बी आले न्हाय. ती गेली डबा ठिऊन. पुन्हा आली न्हाय. मग मला समदं कळलं, पन तवर उशीर झाला हुता. आपनहून जायाची लाज वाटायची. गेल्या साली मावशी वारली. मातीला गेले. बायांनी इचारलं, तू कोन लागतीस गं? मी म्हनलं, भाची."

 पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"आता सांगा मामा. शेवटाला ती पक्षीण काय म्हनती?"

खोटं बोलणं सोपं होतं. 'असाच हाय शेवट, लिवनारा येडा हाय' एवढं म्हटलं असतं तर बाई चहा पिऊन गेली असती. अक्षरं काढलेलीच होती. रेवणसिद्धांनी तोंड उघडलंसुद्धा, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अक्कलकोटजवळची एक शाळा आली.

टिकल्याचा तो पहिलाच खेळ होता. रिळाबरोबर आलेलं इंग्रजी चोपडं ऑफिसातल्या साहेबांनी त्यांना नीट वाचून, समजावून दिलं होतं. पहिल्या खेळात त्यांनी जे होतं ते सांगितलं. वर्ग चिडीचूप झाला. मग एक पोरगी मुसमुसायला लागली, मग दुसरं पोर. मुख्याध्यापक त्यांना बाहेर बोलावून म्हणाले, "पोरांना रडवायला आणलंय काय हे?" दुसऱ्या गावात रेवणसिद्धांनी शेवटचं एक वाक्य बदललं. एकच. आणि अशा टाळ्या पडल्या, की तशा त्यांच्या उभ्या आयुष्यात कधी पडल्या नव्हत्या. पोरं रडू नयेत म्हणून बदललं, असं ते पुढं स्वतःला सांगत राहिले. ते खरंही होतं. पण त्या टाळ्याही गोड लागल्या होत्या. आयुष्यात आपण फार काही केलं नाही, पण हजारो पोरांना एक आई परत मिळवून दिली, असं निवृत्तीच्या दिवशीसुद्धा त्यांच्या मनात आलं होतं.

"तुमाला ठावं हुतं का?" रेश्मानं विचारलं.

"व्हय," रेवणसिद्ध म्हणाले. "ठाऊक हुतं."

 त्यांनी नातीला हाक मारली. "वैष्णवी, लाव तो शेवट."

"अक्षरं ठेवू?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाय. मी सांगतो."

पडद्यावर बर्फ वितळलं. आभाळातून ती मोठी पक्षीण उतरली. या खेपेला रेवणसिद्ध खुर्चीत पुढं सरकले नाहीत, हात वर केले नाहीत. त्यांचा रोजचाच म्हातारा आवाज निघाला.

"ती म्हनती, मी तुझी आई न्हवं. तुझी आई आता यायची न्हाय." ते थांबले.  "म्हनती, पन हितं गारठा लई हाय, आन् माझा पंख मोठा हाय. येतोस का?"

रेश्मा पडद्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा हलला नाही.

"येवढंच म्हनती?"

"येवढंच."

"आन् पिल्लू?"

"हुभं ऱ्हातं. मग जातं."

पडद्यावर पिल्लू उभंच होतं. रेवणसिद्धांनी हा सिनेमा शेकडो वेळा दाखवला होता, पण पिल्लू इतका वेळ उभं राहतं हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. त्या वेळात ते दर खेळाला ओरडत असत. पोरं टाळ्या वाजवत असत.

"लगीच न्हाय जात पन," रेश्मा म्हणाली.

"न्हाय. लगीच न्हाय जात."

पिल्लू पंखाखाली गेलं. वैष्णवीनं टीव्ही बंद केला आणि चहा आणून ठेवला. रेश्मानं कप उचलला. रेवणसिद्धांनी हात जोडले. ते एका परक्या बाईला हात जोडतायत आणि ती त्यांच्या लेकीच्या वयाची आहे, हे त्यांना कळत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

"चुकलं माझं पोरी."

"हात नका जोडू मामा. म्हातारं मानूस तुमी." तिनं चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला. "तवा तुमी खरं सांगितलं असतं तर मी गेले असते मावशीकडं, असं बी न्हाय. कुनाला ठावं. हट्टी हुते मी." ती उठली, पिशवी खांद्याला लावली. "पन एकदा इचार तरी केला असता."

दाराशी ती वैष्णवीच्या गालाला हात लावून म्हणाली, "चहा छान झाला हुता गं." आणि जिना उतरून गेली.

"अज्जा," वैष्णवी म्हणाली, "तो व्हिडिओ काढून टाकू?"

काढून काय होणार, रेवणसिद्धांच्या मनात आलं. तो जिथं जिथं गेला होता, तिथून तो थोडाच परत येणार होता. आणि ज्या पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ती आता कुठल्या कुठल्या गावांत तिशी-चाळिशीची झाली होती. त्यांतलं कोण काय धरून बसलं असेल, ते कुणी सांगायला येणार नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या दुसरा करू. खऱ्या शेवटाचा." पण त्यांच्या आवाजात जीव नव्हता, आणि नातीनंही फार विचारलं नाही.

ते गॅलरीत आले. खाली पार्किंगच्या पत्र्याखाली रेश्मा स्कूटीपाशी उभी होती. ऊन रणरणत होतं. तिनं पिशवीतून स्कार्फ काढला, सोलापुरातल्या बाया उन्हाचा बांधतात तसा डोक्याला, तोंडाला घट्ट गुंडाळला. फक्त डोळे उघडे राहिले. किल्ली लावली. मग हात थांबला. तिनं सगळा स्कार्फ पुन्हा सोडला, त्यानंच तोंड पुसलं, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग तो झटकला, घडी केली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला. मागं गाठ मारून झाल्यावर ती गाडीवर बसली, दोन्ही बाजूंनी रस्ता बघितला आणि निघून गेली.