गिरणीवाल्याचा काळ्या

गिरणीवाल्याने पहार उचलली तेव्हा त्याचा कुत्रा काळ्या आणि आमच्या शेजारच्या वहिनीची कुत्री मेंढवाड्यात शेपटीला शेपूट लावून अडकून उभी होती.

"वहिनी, सोडव त्यांना, नाहीतर बाजूला हो!"

"सोडवायला ती काय दाराची कडी आहे?" वहिनी आडवी आली. "आतून सूज असते, भाऊजी. ती उतरली की आपली आपण सुटतील. ओढलंत तर दोघंही फाटतील."

गिरणीवाला तिचा चुलत दीर. नवरा गेल्यावर मेंढरं तिने एकटीने राखली. पण लांडगा चटावला होता, कोकरं उचलत होता, आणि एकट्या कुत्रीला तो जुमानत नव्हता. त्याच्या अंगावर जाणारा कुत्रा गावात एकच, काळ्या. त्याची पिल्लं मिळावीत म्हणून वहिनीने गिरणीत जाऊन हात जोडले. "माझ्या कुत्र्याचं वाण मी गावभर वाटत नाही," असं म्हणून या दीडशहाण्याने तिला पिठाच्या धुळीत उभं ठेवलं होतं.

मग कुत्री माजावर आली. रक्त जात होतं तोवर तिने कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. रक्त फिकं झालं तशी ती शेपूट बाजूला धरायला लागली, आणि काळ्याला वाऱ्यावरच कळलं. त्याने साखळी तोडली. मी तर म्हणतो, झकास केलं.

"आत्ता तोडलं तर रुजत नाही," गिरणीवाला म्हणाला, आणि पहार कुत्रीच्या कमरेवर बसली.

"अहो, रुजायचं ते अडकल्या अडकल्याच आत गेलं! मुक्या जिवाला कशाला मारताय?"

तो ऐकतोय कसला! त्याने काळ्याची मागची तंगडी धरून हिसका दिला. मालकावर कधी न गुरगुरलेला काळ्या मान वळवून त्याच्या मनगटाला झोंबला. हाड मोडल्याचा आवाज मला कुंपणापलीकडे आला. मी उडी मारून पोचेपर्यंत त्याने डाव्या हाताने पहार काळ्याच्या डोक्यात घातली होती. मग पुन्हा. मग पुन्हा.

काळ्या कोसळला, त्याच्याबरोबर कुत्रीही खेचली गेली. ती अशी किंचाळली की मेंढरं भिंतीला जाऊन धडकली. वहिनीने चिखलात बसून मेलेल्या कुत्र्याचं धूड मांडीवर तोलून धरलं, म्हणजे कुत्रीला ताण बसू नये.

"तिचं तोंड धरा," ती मला म्हणाली. आम्ही तसेच बसलो. बऱ्याच वेळाने कुत्री सुटली.

गिरणीवाला फाटकापाशी बसून "काळ्या, काळ्या" करत रडत होता. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

दोन महिन्यांनी कुत्री व्यायली. सगळी पिल्लं काळी कुळकुळीत. त्यांचे डोळे उघडल्यावर तो आला, वाकडा हात छातीशी धरून.

"वहिनी, एक दे गं. त्याचं तेवढंच उरलंय."

वहिनी पिल्लांच्या गोणपाटापासून बाजूला झाली. "घ्या की. मी कुठे अडवते? फक्त त्यांच्या आईला विचारून घ्या."

कुत्री लंगडत उठली आणि पिल्लांवर उभी राहिली. भुंकली नाही, नुसते दात दाखवले. त्याने चांगला हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

ऊन डोक्यावर आलं तरी तो दारातच उभा होता. पिल्लं तिच्या पोटाखाली पीत राहिली.