घिवली कुठल्या बाजूला

दिनानाथ सरांनी एकतीस वर्षं आपल्या घिवली गावच्या शाळेत भूगोल शिकवला आणि तेवढ्या काळात एकदाही ‘मला माहीत नाही’ म्हटलं नाही. निवृत्तीनंतर ही विद्या घरच्यांच्या वाट्याला आली. चिकूला पाणी किती, भाजीत मीठ किती, सगळं सरच सांगणार.

गेल्या वर्षी त्यांची बायको आनंदी वारली. मुलगी मेघाली टोरांटोत. पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी कचेरीत अडकलेला, येणं जमलं नाही. आईला अग्नी द्यायच्या वेळी तिने फोनवर रडत विचारलं, "बाबा, आपलं घर हितनं कुठल्या बाजूला हाय? तिकडं तोंड करून हात जोडते. विमान तर उत्तरेकडनं जातं..."

"विमानाचं विमानाला म्हाईत!" सर गरजले. चार माणसं ऐकत होती. दुःखातही मास्तरकी सुटेना. "भूगोलाच्या मास्तराची पोर ना तू? नकाशा बघ. पूर्वेला तोंड कर."

परवा त्यांचा जुना विद्यार्थी प्रणव भेटायला आला. तो पुण्यात नकाशे बनवायच्या कंपनीत असतो. सरांसाठी मुद्दाम एक नकाशा करून आणला होता. त्यातले देश पिळून वाळत घातलेल्या लुगड्यासारखे वेडेवाकडे ताणलेले.

"सर, यात बाकी सगळं बिघडलंय, पण एक गोष्ट बरोबर ठेवलीय. जगातल्या कुठल्याबी गावावरनं घिवलीकडं रेघ मारा. कागदाची वरची बाजू उत्तर. रेघ जिकडं जाईल, तिकडंच त्या गावातनं घिवली."

सरांनी ऐटीत चष्मा लावला आणि टोरांटोवरून घिवलीकडे पट्टी ठेवली. पट्टी वर गेली. उत्तरेला, जराशी पूर्वेकडे कललेली.

"चुकलंय तुझं."

"नाय सर. भिंतीवरचा नकाशा सपाट, पृथ्वी गोल. गोलावर दोरा ताणून बघा ना."

सरांनी कपाटातून पृथ्वीगोल काढला आणि दोरा ताणला. दोरा ग्रीनलंडवर चढला, रशियातून खाली घिवलीला उतरला. पृथ्वी गोल आहे हे सर दर जूनमध्ये पोरांकडून घोकून घेत असत. त्यांचे कान तापले. प्रणवकडे बघवेना. पोरीने आईला शेवटचे हात जोडायचे, आणि आपण तिला भलतीकडेच उभं केलं. तेही चारचौघांत दरडावून.

प्रणव गेल्यावर त्यांनी नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला. सांगितलं नाही तर कोणाला कळणार होतं? पण आनंदीचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं. मेघाली पुन्हा पूर्वेलाच उभी राहणार, बापाचं ऐकून. त्या विचाराने सरांना जेवण जाईना. शेवटी संध्याकाळी, तिच्याकडे सकाळ झाल्यावर, त्यांनी फोन लावला. आधी हवापाणी झालं, मग बागेची चौकशी.

"मेघाली, ती दिशा... मी सांगितलेली चुकीची व्हती. उत्तरेलाच हाय घर. तुझंच बरोबर व्हतं."

"बाबा, मला तवाच कळलं व्हतं. मी उत्तरेच्याच खिडकीतनं हात जोडले."

सरांचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच वर आला.

"मग मला बोलली का नाय?"

"आय सांगायची, बाबांना ‘बरं’ म्हणायचं आन आपल्याला पटतं ते करायचं. उगाच त्यांच्या तोंडी लागायचं नाय."

सर खुर्चीत बसले. छत्तीस वर्षांच्या संसारात आनंदीने एकदाही वाद घातला नाही, हे ते गावभर कौतुकाने सांगत आले होते.

"आणखी काय काय चुकलं माझं?"

मग मेघालीने हळूच विचारलं, "खरंच सांगू? रागावणार नाय ना?"

लग्न झालेली, स्वतःचं घर असलेली पोर, एवढ्या लांबून अजून बापाला भीत होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांग," ते म्हणाले. मग आवाजातली मास्तरकी काढून पुन्हा म्हणाले, "सांग गो."