हलक्या पाण्याची बिअर

मी एक जुना स्टीलचा टोप आहे, चाळीस लिटर पाणी पोटात घेणारा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका डेअरीत मी कित्येक वर्षे दूध तापवले. डेअरी बंद पडली तेव्हा तिथला कामगार ऑरिन मला घरी घेऊन आला.

"यात बिअर करू," तो म्हणाला.

त्याची बायको लव्हॉन हिने मला वाजवून पाहिले. "नाहीच जमली तर तुला आंघोळीला होईल!"

मित्रांनो, बिअरला जव लागतात, कडवटपणासाठी हॉप नावाच्या वेलीची फुले लागतात; पण सारा खेळ पाण्याचा. ऑरिनच्या वडिलांनी खणलेल्या विहिरीचे पाणी चुनखडीतून येई. फार जड. त्यात खरपूस भाजलेल्या जवाची काळी बिअर अशी उतरे की शेजारी ग्लास घेऊन कुंपणाशी येत. माझेही कौतुक होई. लव्हॉनला मात्र हवी होती माहेरी होत असे तशी फिकट, सोनेरी बिअर. ती आमच्याकडे दर वेळी तुरट निघे.

"पाणी बदल, ऑरिन. हिला हलकं पाणी लागतं. माझ्या आत्याच्या रानात वाळूतला झरा आहे, तिथलं आण."

"माझ्या बापाच्या विहिरीला नावं ठेवू नकोस."

"विहिरीला कोण ठेवतंय? तुला ठेवतेय."

तो हसून विषय टाळी. माझ्या तळाशी क्षारांचा पांढरा थर धरे. लव्हॉन तो व्हिनेगरने खरवडी आणि त्याला दाखवी. अशी वीस वर्षे गेली.

मग तिच्या घशात गाठ निघाली. उपचार सुरू झाले. एका सकाळी ऑरिन कुणाला न सांगता कॅन घेऊन निघाला आणि दोन तासांवरच्या त्या झऱ्याचे पाणी घेऊन आला. ते खरेच हलके आहे ना, हे आधी तपासूनही घेतले. ते पाणी माझ्यात उकळले, आटले, पण थर म्हणून धरला नाही. दीड महिन्याने तो पहिला ग्लास भरून तिच्या खुर्चीपाशी गेला. मी शेजारीच ओट्यावर होतो.

तिने घोट घेतला. ग्लास त्याच्या हातात परत दिला.

"कशी झालीय?"

"मला चवच कळत नाही रे आता. औषधांनी गेली. तू पी, आणि मला सांग."

ऑरिनने ग्लास तोंडाला लावला.

"तुरट नाही. मऊ आहे. मागून थोडी मधासारखी लागते. लव्हॉन, तुझंच बरोबर होतं."

"अस्सं!" ती खुदकन हसली. "हे तरी ऐकायला मिळालं."

मार्चमध्ये ती गेली. त्यानंतर माझ्याखाली जाळ पेटला नाही. आता मी शेडमध्ये पालथा पडलेला असतो. तळघरात त्या बिअरच्या साठेक बाटल्या तशाच आहेत. ऑरिन त्या पीत नाही आणि कुणाला देतही नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो: आपले माणूस वर्षानुवर्षे एखादी साधीशी गोष्ट मागत असेल, तर ती त्याला चव कळते आहे तोवर द्या.